मागचे दोन स्पीकर

माझ्या नवऱ्याला घरी आल्यावर शांतता लागते. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात दिवसभर कानात बोळे घालून यंत्रांजवळ उभं राहायचं आणि संध्याकाळी गाडीनं आमगावला परतायचं, असा त्याचा दिवस. मिक्सर लावला तरी तोंड वाकडं करणारा माणूस. त्यामुळे टीव्हीला चांगली साउंड सिस्टीम घेऊ या, असं मी म्हटलं तेव्हा तो नको म्हणून हात जोडेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. जेवता जेवता त्यानं मोबाइल वरणाच्या वाटीला टेकवून उभा केला आणि हिंदीत भराभर बोलणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघायला लागला. टू पॉइंट वन, फाइव्ह पॉइंट वन, साउंडबार, सबवूफर. आठवडाभरात तो असा बोलायला लागला की जणू काही जन्मापासून हाच धंदा करतो आहे.

मला सिस्टीमचं काही पडलेलं नव्हतं. मला मायची काळजी होती.

मायचे डोळे काचबिंदूनं गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच तिला आता कळतं. म्हणून आम्ही दोघं आमचं भाड्याचं घर सोडून तिच्याकडेच राहायला आलो. घर तिचंच असल्यामुळे ते तिच्या पायांना पाठ होतं. पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे वाडी, म्हणजे परस. भिंतीला हात लावत ती सगळीकडे फिरायची, आणि कानानं तर सगळं घर चालवायची. दूधवाल्याची सायकल, शेजारची कोंबडी आमच्या वाफ्यात शिरली ते, कुकरची शिट्टी होण्याआधीची फुसफुस, सगळं तिला माझ्याआधी कळायचं. मी शाळेतून आले की स्कूटरच्या आवाजावरून म्हणायची, "आज चिडून आहेस व." आणि मी खरंच चिडलेली असायची.

टीव्ही मात्र तिच्या हातून सुटला. पूर्वी संध्याकाळची सिरियल म्हणजे तिचा हक्क होता. डोळे गेल्यावरही काही महिने ती येऊन बसायची आणि विचारायची, "आता कोन आलं? हे काऊन रडून राहिली?" मी सांगायची. सांगता सांगता पुढचं वाक्य निसटायचं, मग दोघींनाही काही कळायचं नाही. त्यात आमचा टीव्ही असा पातळ, की त्याचा आवाज पुढे यायचा सोडून मागच्या भिंतीशीच बोलायचा. पात्रांच्या बोलण्यावर संगीत चढलेलं. एक दिवस ती उठली, "तुमी पाहा, मले का समजते," म्हणाली आणि माजघरातल्या खाटेवर जाऊन बसली. मग ती तिथेच बसायला लागली. आधी टीव्ही गेला, मग गप्पा कमी झाल्या, मग प्रश्न. मी विचारलं तर हो किंवा नाही. जेवली का, हो. दुखतं का, नाही. शाळेत वर्गात उभी असतानाही मला ती खाटेवर बसलेली दिसायची. डोळे गेले त्यावर माझं रडून झालं होतं. पण आता बोलणंही गेलं तर त्या घरात माझी माय म्हणून काय उरलं असतं?

म्हणून ही सिस्टीम. तिला पुन्हा पुढच्या खोलीत आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नवऱ्याच्या डोक्यात क्रिकेट होतं, ते मी सोडून दिलं.

पण मी काळजी करायला बसले की मला थांबवणारं कोणी नाही. आमच्याकडे विजेचा दाब कधी वर कधी खाली, सिस्टीम जळली तर? उंदरांनी वायर कुरतडली तर? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे वायर जमिनीवरून गेली तर. माय पाय घासत चालते. घरात साधं स्टूलसुद्धा जागेवरून हलवायचं नाही असा माझा नियम होता, आणि नवरा पाच डबे आणि त्यांच्या वायरी आणायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, "तिच्या पायात एक वायर आली तर मी तुझी सिस्टीम विहिरीत टाकीन." तो म्हणाला, "आपल्याकडे विहीर नाही." हे असलं त्याचं उत्तर.

एका रविवारी आम्ही गोंदियाला गेलो. मायला एकटीला ठेवून जायचं म्हणून मी तीनदा दारातून परत फिरले. शेवटी तीच ओरडली, "जा व! मी का पळून जातो?"

बाजारातल्या त्या दुकानात आत एक छोटी खोली होती, जाड पडदे लावलेली. दुकानदारानं आम्हाला सोफ्यावर बसवलं, दिवा मालवला आणि काहीतरी लावलं. समोरून एक हेलिकॉप्टर आलं, डोक्यावरून गेलं आणि मागे निघून गेलं. मी मान वळवून मागे पाहिलं. मागे पडदा होता. दुकानदार हसला. "सब मॅडम लोग पलटकर देखते हैं."

मी विचारलं, "इसमें बोलना साफ सुनाई देगा क्या? सिरियल का बोलना?"

"बोलना तो बीचवाले से आता है मॅडम. टीव्ही के नीचे जो लंबा है, उससे. लेकिन पीछे का स्पीकर नहीं तो फिर मजा क्या?"

आमच्या बजेटात दोनच गोष्टी बसत होत्या. एक, बऱ्या कंपनीचा नुसता साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी. दुसरी, त्याच पैशात पट्टी, जमिनीवरचा दणदणीत डबा आणि मागचे दोन स्पीकर, पण कंपनी कधी न ऐकलेली आणि वस्तू दुकानात मांडून ठेवलेली. "डिस्प्ले पीस है, वापस नहीं होगा," असं दुकानदारानं आधीच बजावलं. आम्ही दोघं पंख्याखाली उभे राहून मराठीत भांडलो, जणू त्याला मराठी कळतच नव्हतं. त्याला सगळं कळत होतं. मधेच तो म्हणाला, "भाऊ बरोबर बोलून राहिले मॅडम."

मी नुसत्या पट्टीच्या बाजूनं होते. मला बोलणं साफ हवं होतं, बाकी काही नको होतं. पण ते हेलिकॉप्टर माझ्या डोक्यातून जाईना. मला डोळे असून मी मागे वळले होते. मायला समोरचं चित्र दिसतच नव्हतं. मग तिच्यासाठी चित्र चारही बाजूंनी आवाजानं उभं केलं तर? कोण डावीकडून आलं, कोण मागून गेलं, हे मला सांगावंच लागणार नाही. हा विचार आला आणि मी एकदम पाघळले. आम्ही तो चार नगांचा संच घेतला. परतीच्या गाडीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले, आणि सालेकशाला जाणाऱ्या एका बाईनं त्यावर तिची भाजीची पिशवी टेकवली तेव्हा मी तिच्याशीही भांडले.

वायरी नवऱ्यानं माझ्या धाकानं चौकटींच्या वरून नेल्या, एक इंचही जमिनीवर नाही. पट्टी टीव्हीखाली. दणदणीत डबा कोपऱ्यात, जिथे मायची वाट जात नाही तिथे. मागच्या दोघांना मात्र जागा सापडेना. पुढच्या खोलीत एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कपाट. मागे सरळ माजघराचं दार. शेवटी त्यानं ते दोन्ही स्पीकर माजघराच्या दाराच्या चौकटीला, दोन बाजूंना एकेक, असे ठोकले. त्यांच्या पुढ्यात, खोलीच्या मधोमध मायची खुर्ची. "बस माय," मी म्हटलं. ती बसली, पण खुर्चीच्या काठावर, कधीही उठून जाईन अशी.

सिरियल सुरू झाली. पट्टीतून शब्द असे सुटे सुटे, स्वच्छ आले की मलाच नवल वाटलं. माय ऐकत राहिली. थोड्या वेळानं ती मागे टेकली. मग म्हणाली, "हे सासू खोटं बोलून राहिली. तिच्या आवाजातच आहे." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेले, कारण तिथे उभी राहिले असते तर आवाज करून रडले असते.

त्यानंतर ती रोज यायला लागली. सिरियलमधल्या लोकांना शिव्या द्यायला लागली. आमचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याचा मात्र पूर्ण पडला नाही, कारण मागचे स्पीकर मुके होते. सिरियलमध्ये मागचा असा वेगळा आवाज नसतोच, हे त्याला नंतर कळलं. तो दाराजवळ जाऊन त्यांना कान लावायचा आणि खट्टू व्हायचा. एक दिवस त्याला रिमोटवर एक बटण सापडलं, सगळा आवाज सगळ्या स्पीकरमधून सोडणारं. त्यानं ते दाबलं, आणि वर मागच्यांचा आवाज पुढच्यांपेक्षा चढवून ठेवला. मी म्हटलं, "इतका कशाला?" तो म्हणाला, "पैसे दिले ना मागच्यांचे? मग ऐकू नको यायला?" मलाही ते पटलं, हे लिहायला हवं. फुकट गेलेल्या वस्तूचं दुःख मलाही होतंच.

दोन-चार दिवसांनंतरची गोष्ट. दिवेलागण झाली होती. माय खुर्चीत, नवरा अजून यायचा होता, मी खोलीच्या कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. सिरियलमध्ये कुठलीशी शेजारीण दाराबाहेरून हाक मारत होती, "काकू, आहात का घरी?" पुण्याकडचं गोड बोलणं. मी लक्षही दिलं नाही. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मी माजघरात धावले. तिथे नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. वाडीचं दार उघडं होतं, आणि त्या दाराला बाहेर उंच पायरी आहे. मी तिकडे पळाले.

माय पायरीच्या अलीकडे, चौकटीला धरून उभी होती. चेहरा वाडीकडे. ती बोलत होती.

"ये व, आत ये ना. बाहेरच काऊन थांबलीस?" मग थोडं थांबून, "किती दिसानं आलीस व."

वाडीत कोणी नव्हतं. शेवग्याचं झाड, दोरीवरचे माझे वाळलेले कपडे, विटांचा ढीग.

आमच्याकडे शेजारच्या बायका पुढच्या दारानं येत नाहीत. पुढचं दार पुरुषांचं, पाहुण्यांचं, बिल मागायला येणाऱ्यांचं. बाई मैत्रिणीकडे जाते ती वाडीच्या फाटकातून, मागून हाक मारत. माझ्या लहानपणी आमच्या मागच्या दाराला दिवसभर कडी लागत नसे. कोणी आंबाडीची भाजी घेऊन, कोणी विरजण मागायला, कोणी नुसतंच. भाताच्या रोवणीला जाताना हाक, येताना हाक. मायचे डोळे गेल्यावर पहिल्यांदा सगळ्या येऊन गेल्या, रडल्या, आणि मग एकेक करून यायच्या थांबल्या. मीही त्याच घरात वाढलेली. तरी मागून आलेली बाईची हाक मायला काय वाटेल, हे दोन शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही वायरींचा विचार केला होता.

"माय," मी म्हटलं, "कोणी नाही. टीव्हीतली बाई होती."

चेहरा तसाच वाडीकडे राहिला. मग म्हणाली, "असं का," आणि चाचपून स्वतःच दार लावलं, कडी घातली. मी हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला. खुर्चीकडे न जाता ती खाटेकडे गेली.

नवरा आल्यावर मी त्याच्यावर जी तुटून पडले, त्याला तोड नाही. त्यानं बूटही न काढता स्टुलावर चढून मागच्या वायरी उपटल्या. मायनं आतून ऐकलं आणि म्हणाली, "राहू द्या ना. कायले काढता?" पण त्या दोघांचा आवाज बंद झाला म्हणून झालेलं परत फिरलं नाही. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली, तर तिनं विचारलं, "टीव्हीतलं आहे का?" दूधवाला आला, "टीव्हीतलं आहे का?" कोंबडी ओरडली तरी तेच. जी बाई आवाजावरून माझा मूड ओळखायची, ती आता माझी स्कूटर आली तरी गप्प बसायची, मी बोलेपर्यंत. मी जवळ जाऊन हात लावून सांगायला लागले, मी आहे. भीतीनं माझी झोप उडाली. मी तिला एक खोली परत द्यायला गेले होते, आणि तिच्या पायाखालचं सगळं घरच काढून घेतलं होतं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, बोला था ना, डिस्प्ले पीस है." त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मी त्यालाही बोलले.

मग मी ते केलं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. शाळेतून परत येताना वाडीमागच्या गल्लीत स्कूटर लावली आणि मायच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती भात पाखडत बसली होती. आमच्या घरी सगळ्यात जास्त येणारी हीच. मी रागातच विचारलं, "काकू, तुम्ही येत का नाही मायकडे?"

तिनं सूप खाली ठेवलं. तीही रागातच होती. "कायले येऊ व? दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेली मी. आत बाया बोलून राहिल्या होत्या, हासून राहिल्या होत्या. मले वाटलं तुह्याकडे पाहुने आहेत. मोठ्या घरच्या वाटत होत्या, शुद्ध बोलत होत्या. मी अशी चिखलाच्या पायानं कुठं येऊ त्याईच्यात?"

मला हसावं की रडावं कळेना. त्या शुद्ध बोलणाऱ्या बाया कोण, ते मी तिला सांगितलं. "अन् आधी?" मी विचारलं. "सिस्टीम यायच्या आधी का नाही आलात?"

ती सुपातले खडे वेचायला लागली. "आधी भ्याली मी," ती म्हणाली. "येऊन का बोलू तिच्यासंगं? माहे डोरे चांगले, अन् तिचे गेले." आमच्याकडे डोळ्यांना डोरे म्हणतात. तिनं स्वतःचे डोरे पदरानं पुसले आणि पुन्हा पाखडायला लागली. येईन म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

मी मायला काही सांगितलं नाही. सांगून ती आली नसती तर?

पुढचे काही दिवस मी टीव्ही लावलाच नाही. नवरा मॅच मोबाइलवर, कानात इअरफोन घालून बघायचा. घर इतकं शांत, की मलाच खायला उठायचं. माय खाटेवर, भिंतीकडे पाठ करून. मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलत होते आणि उगाच शाळेतलं काहीबाही सांगत होते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

वाडीचं फाटक वाजलं. मग हाक आली, मोठी, गल्लीभर ऐकू जाईल अशी. "बाई व! हायेस का घरी?"

मी मायकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. कपाळाला आठी घालून म्हणाली, "त्याचा आवाज कमी कर व. डोकं दुखून राहिलं माहं."

"माय," मी म्हटलं, "टीव्ही बंद आहे."

तिचा चेहरा हळूच मागच्या दाराकडे वळला. तरी उठली नाही. "मंग कोन आहे?" तिनं मला विचारलं, बाहेरच्या बाईला नाही.

बाहेरून कडी खडखडली. "मी आहो! मेली नाही अजून. उघड ना व, पाय दुखून राहिले माहे."

मी दार उघडलं. काकू चिखलाचे पाय फरशीवर उमटवत आत आली आणि खाटेसमोर येऊन उभी राहिली. मायनं हवेत हात पुढे केला.

"आधी हात दे," ती म्हणाली.

काकूनं हात दिला. मायनं तो मनगटाला धरला, बांगड्या मोजल्यासारख्या चाचपल्या, मग दंडापर्यंत हात नेला, मग गालापर्यंत. गाल ओला होता. माय तसाच हात ठेवून बसली.

"खरीच आहे व," ती मला म्हणाली.